स्वतःचे घोडे घेऊन ट्रेल रायडिंगच्या सुट्टीला जायचंय? तयारी अशी करा

इथे अमेरिकेत गावाबाहेर थोडी जागा घेऊन एक-दोन घोडे ठेवणारी मराठी मंडळी आता भेटायला लागलीयेत, आणि बोलणं निघालं की प्रश्न हाच येतो, की भाड्याच्या घोड्यावर तासभर रांगेत चालण्यापेक्षा आपलेच घोडे ट्रेलरमध्ये घालून चार-पाच दिवस जंगलात जायचं असेल तर सुरुवात कुठून करायची. सुरुवात घोड्यापासून करायची. रजा, मुलांची शाळा, कॅम्पसाइट हे सगळं नंतर. ज्याच्या पाठीवर बसून फिरायचंय त्याचं पोट, पाणी, खूर आणि दम बघून बाकीचा प्लॅन बसवा. उलटं केलंत तर कुठेतरी त्याला त्रास होतोच आणि तो बिचारा तोंडाने सांगू शकत नाही.

जागा कशी निवडायची

उदाहरणाला मी बिग साउथ फोर्क धरते, कारण पहिल्या ट्रिपसाठी मला ते मनापासून आवडतं. टेनेसी आणि केंटकीच्या सीमेवर कंबरलँड पठारावर साधारण सव्वा लाख एकरांचं हे जंगल आहे, १९७४ पासूनचं, नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात. वाळूच्या दगडाचे उंच कडे, मधून नदी, आणि घोडेवाल्यांसाठी वेगळे कॅम्प आहेत, टेनेसीच्या बाजूला स्टेशन कॅम्प, केंटकीच्या बाजूला बेअर क्रीक, शिवाय बँडी क्रीकला तबेले. चॅरिट क्रीक लॉज नावाची एक जागा तर अशी आहे की तिथे गाडी जातच नाही, चालत जा नाहीतर घोड्यावर. (ती सध्या चालू आहे का ते आधी फोन करून विचारा.) इंडियाना-ओहायोतून एका दिवसात पोचता येतं, आणि पहिल्या ट्रिपला हेच बघायचं, की घोड्याला दोन दिवस प्रवासात काढायला लागू नयेत. अजून एक, टाइम झोनची रेषा याच भागातून जाते. जवळच्या जेम्सटाउन गावाचं घड्याळ पार्कच्या बहुतेक भागापेक्षा एक तास मागे असतं, त्यामुळे व्हेटची किंवा दुकानाची वेळ ठरवताना कुठली वेळ ते विचारून घ्या.

जागा कुठलीही असो, वेबसाइटवर विसंबू नका, फोन करा. विचारायचं काय? ट्रेलर वळवायला जागा आहे का, की रिव्हर्समध्येच लावावा लागेल. एका साइटवर किती घोडे. बांधायला ठाण आहे की दावण आपण टाकायची. पाणी नळाचं आहे का आणि त्या महिन्यात चालू असतं का. लीद कुठे टाकायची. कुठल्या ट्रेलवर घोडे चालतात, कारण सगळ्यांवर चालत नाहीत. नदी कुठे ओलांडावी लागते आणि पाऊस झाला की तो उतार बंद असतो का. सगळ्यात जवळचा मोठ्या जनावरांचा डॉक्टर किती लांब आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दोन तास असं आलं तर पहिल्यांदा तरी दुसरी जागा बघा असं मी म्हणेन.

महिना ऑक्टोबरचा उत्तम. गोचीड आणि माशा कमी, हवा थंड, पानं रंगलेली. फक्त तो शिकारीचा सीझन असतो आणि बिग साउथ फोर्कमध्ये शिकारीला परवानगी आहे, तेव्हा स्वतःला आणि घोड्यालाही भडक केशरी काहीतरी घालायचंच. दसराही बहुतेक याच सुमाराला येतो. आम्ही निघायच्या आधी ट्रेलरला आणि घोड्यांना हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालतो, घोडे झेंडू खायला बघतात म्हणून माळ लगेच काढावी लागते, पण ते केल्याशिवाय मला निघवत नाही.

कागदपत्रं, ही महिनाभर आधी

राज्याची हद्द ओलांडायची म्हणजे कॉगिन्स टेस्टचा निगेटिव्ह रिपोर्ट लागतो. ही रक्ताची तपासणी घोड्यांच्या संसर्गजन्य अॅनिमियासाठी असते, डॉ. लेरॉय कॉगिन्स यांच्या नावाने ओळखली जाते. हा रोग मोठ्या चावऱ्या माशांमुळे एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जातो, त्याला औषध नाही, आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर त्याला कायमचं वेगळं ठेवावं लागतं नाहीतर मारावं लागतं, म्हणून कॅम्पवालेही गेटवर रिपोर्ट मागतात आणि बरोबरच करतात. रिपोर्ट किती महिन्यांचा चालतो हे राज्यावर आहे, बऱ्याच ठिकाणी १२ महिने, काही ठिकाणी ६. दुसरं म्हणजे व्हेटने दिलेलं हेल्थ सर्टिफिकेट, ते साधारण ३० दिवस चालतं, तेव्हा परतीची तारीखही त्या ३० दिवसांत बसते का ते मोजून अपॉइंटमेंट घ्या. नुसती ज्या राज्यात जायचं त्याची नाही तर वाटेत लागणाऱ्या राज्यांचीही माहिती घ्यायची, त्या-त्या राज्याच्या स्टेट व्हेटरिनेरियनच्या ऑफिसला फोन केला की ते नीट सांगतात.

पश्चिमेकडे जाणार असाल तर अजून दोन गोष्टी. तिथे बऱ्याच राज्यांत ब्रँड इन्स्पेक्शन (घोड्यावरचा डाग आणि मालकी यांची सरकारी तपासणी) लागतं, कोलोरॅडोत तर राज्याच्या आतच ७५ मैलांपेक्षा लांब न्यायचं तरी लागतं. आणि रॉकी पर्वताकडच्या फॉरेस्ट सर्व्हिसच्या जमिनीवर तणमुक्त असं सर्टिफिकेट असलेलीच वैरण चालते, घरची गंजी नाही.

लसींचं व्हेटशी बोलून ठरवा. धनुर्वात, रेबीज, वेस्ट नाइल, एन्सेफलायटिस (मेंदूची सूज) आणि फ्लू तर आहेतच, पण नदीकाठी राहणार असाल तर पोटोमॅक हॉर्स फीव्हरचं आवर्जून विचारा. पाण्यातले किडे गवताबरोबर पोटात गेले की तो होतो.

घोड्याचा दम आणि खूर

कुरणात उभ्या असलेल्या घोड्याला एकदम डोंगरात नेऊ नका. सहा ते आठ आठवडे आधीपासून सुरू करा, आधी नुसती चाल, मग थोडी दुडकी, मग चढ-उतार, आणि आठवड्यातून एक लांब रपेट, जी हळूहळू ट्रेलवरच्या दिवसाएवढी लांब होईल. दम कळतो नाडीवरून. जबड्याखालच्या शिरेवर बोटं ठेवून मोजायला शिका, शांत उभ्या घोड्याची मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. चढ चढून थांबलात की दहा-पंधरा मिनिटांत ती साठीपर्यंत खाली यायला पाहिजे, येत नसेल तर तो अजून तयार नाही, मग ट्रेल छोटा निवडा. त्याचा हट्ट समजून टाच मारू नका.

वजनाचंही प्रामाणिकपणे बघा. स्वार, खोगीर, पिशव्या, पाण्याची बाटली सगळं धरून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत. म्हणजे ४५० किलोच्या घोड्यावर ९० किलो, आणि त्यातले पंधरा किलो वेस्टर्न खोगीरच खातं.

नाल निघायच्या आठवडा-दहा दिवस आधी मारून घ्या. आदल्या दिवशी नको, कारण एखादा खिळा चुकून जवळ लागला असेल तर तो घरीच लक्षात यावा. आणि मापाचा एक हूफ बूट, म्हणजे खुरावर चढवायचा बूट, बरोबर ठेवा, ट्रेलवर नाल निघाली तर त्याच्यावर कॅम्पपर्यंत येता येतं.

दावण घरीच शिकवा

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडे होतं. कॅम्पमध्ये ठाण नसेल तर दोन झाडांच्या मध्ये डोक्याच्या वर दोर ताणून त्याला घोडे बांधतात, त्याला हायलाइन म्हणतात. झाडं जिवंत आणि जाडजूड निवडायची, दोर साधारण सात फुटांवर, आणि झाडाच्या सालीवर दोर घासू नये म्हणून दोन-तीन इंच रुंद पट्टा लावायचा. घोडा खोडापासून लांब बांधा, नाहीतर रात्रभर पाय आपटून मुळं उघडी करतो. दोन घोड्यांमध्ये एवढं अंतर की एकाची लाथ दुसऱ्याला लागणार नाही. म्होरकीचा दोर एवढाच लांब की वैरणीपर्यंत तोंड जाईल पण त्यात पाय अडकणार नाही. पाण्यापासून ६० मीटर तरी लांब. आणि वर बघा, रेड मेपल असेल तर जागा बदला. त्याची सुकत आलेली पानं घोड्याला विषारी असतात, रक्तातल्या लाल पेशी फोडतात.

हे सगळं घरच्या अंगणात दोन-तीन रात्री करून बघायचं. जो घोडा घरी दावणीला शांत उभा राहत नाही तो अस्वलांच्या जंगलात कसा राहील.

वैरण आणि पाणी

घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के वैरण लागते, म्हणजे ४५० किलोला ७ ते ९ किलो. पाच दिवसांचा हिशोब करा आणि एक गठ्ठा जास्तीचा घ्या. वैरण घरचीच, चंदी घरचीच, वाटेत मिळेल ते नको. खाणं अचानक बदललं की पोटशूळ उठतो, आणि वेगळंच द्यावं लागणार असेल तर घरीच आठवडा-दहा दिवस हळूहळू मिसळत बदला.

पाणी २० ते ४० लिटर रोज. बऱ्याच घोड्यांना परक्या पाण्याची चव आवडत नाही आणि ते चक्क पीत नाहीत, म्हणून एक तर घरचं पाणी टाकीत भरून न्या नाहीतर आधीपासून पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालायची सवय लावा, मग तिकडच्या पाण्यातही तोच घाला. बादल्या घरच्याच न्या, दुसऱ्यांच्या बादलीतून पाजू नका.

ट्रेलर आणि रस्ता

निघायच्या दोन आठवडे आधी ट्रेलरची मॅट काढून खालची फळी टोकरून बघा, लघवीने ती आतून कुजते आणि वरून कळत नाही. टायर घासलेले नसले तरी पाच-सात वर्षांचे झाले की बदला, स्पेअरसुद्धा. बेअरिंग, ब्रेक, दिवे, हिचची (गाडीला ट्रेलर जोडायच्या जोडाची) साखळी, ब्रेकअवेची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप लागणाऱ्या ब्रेकची) बॅटरी. एका बाजूचं चाक वर चढवून टायर बदलता येतो असा उतरता ठोकळा मिळतो, तो घ्याच, म्हणजे हायवेच्या कडेला घोडे उतरवावे लागत नाहीत. साधी रोडसाइड सर्व्हिस आत घोडे असलेला ट्रेलर ओढायला नकार देऊ शकते, तेव्हा यूएसरायडरसारखी खास घोडेवाल्यांची मेंबरशिप घेतलेली बरी.

चालवताना सावकाश. आत चार पायांवर तोल सांभाळत कोणीतरी उभं आहे हे प्रत्येक वळणावर आठवा. दर तीन-चार तासांनी वीसेक मिनिटं थांबून पाणी दाखवा. खिडक्या उघड्या पण जाळी लावलेली. मान फार वर आखडून बांधू नका, घोड्याला डोकं खाली करून नाक साफ करता आलं पाहिजे, नाहीतर लांबच्या प्रवासात फुफ्फुसात इन्फेक्शन होतं. पोचल्यावर त्याच संध्याकाळी खोगीर टाकू नका, हाताने चालवा, पाणी, वैरण, खरारा, बास.

ट्रेलवर

चढउतारात ताशी पाच किलोमीटर धरा. पहिल्या दिवशी तीन तास पुरे, नंतर वाढवा, मधला एक दिवस आरामाचा ठेवा. ग्रुपचा वेग सगळ्यात कमी दमाच्या घोड्याचा, आणि ओढ्यावर शेवटच्या घोड्याचं पिऊन होईपर्यंत कोणी पुढे निघायचं नाही, कारण बाकीचे निघाले की तो पिणं सोडून मागे धावतो. थांबलात की तंग सैल करा. लाथ मारणारा घोडा असेल तर शेपटीला लाल फीत बांधा आणि मागेच ठेवा. पायी चालणारे वाट देतात, त्यांच्याशी हसून मोठ्याने बोला, माणसाचा आवाज ऐकला की पाठीवर सॅक घेतलेली ती आकृती माणूसच आहे हे घोड्याला कळतं.

फोन खोगीराच्या पिशवीत नको, अंगावर पाहिजे. घोडा सुटून गेला तर फोन त्याच्याबरोबर जातो. नकाशे आधीच डाउनलोड करा, रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, सॅटेलाइटवरून मेसेज जाणारं यंत्र असेल तर फारच चांगलं. म्होरकीवर आणि खोगीरावर आपला नंबर लिहिलेली पट्टी लावून ठेवा.

औषधाच्या डब्यात थर्मामीटर, पट्ट्या, जखम धुवायचं औषध, बाळाचे डायपर (खुराला बांधायला याच्याइतकं सोयीचं काही नाही), डक्ट टेप, आणि व्हेटने दिलं असेल तर बॅनमाइन या वेदनाशामक औषधाची पेस्ट. घोडा खात नाही, जमीन उकरतो, वळून पोटाकडे बघतो, सारखा लोळतो, लीद टाकत नाही, हे दिसलं की वैरण काढा, नाडी आणि ताप मोजा आणि आधी व्हेटला फोन, औषध त्यांनी सांगितल्यावर. बॅनमाइनचं इंजेक्शन स्नायूत कधीही देऊ नका, तिथे जीवघेणं इन्फेक्शन होऊ शकतं.

परत आल्यावर

निघताना लीद उचला किंवा कॅम्पवाले सांगतील तशी पसरा, उकरलेली जमीन सारखी करा. घरी आल्यावर दोन दिवस पूर्ण विश्रांती. आणि घरी दुसरे घोडे असतील तर आलेल्यांना दोन आठवडे तरी वेगळं ठेवून रोज दोनदा ताप बघा. २०११ मध्ये युटाच्या ऑग्डेनला एका मोठ्या स्पर्धेहून परतलेल्या घोड्यांबरोबर हर्पिस व्हायरस कितीतरी राज्यांत पोचला होता, तेव्हापासून जाणते लोक हे टाळत नाहीत. ताप १०१.५ फॅरेनहाइटच्या वर गेला की व्हेटला कळवा, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत त्या घोड्याच्या बादल्या, खरारा आणि ट्रेलरसुद्धा दुसऱ्या घोड्यांसाठी वापरू नका.