डॉक्युमेंट सिस्टिम हलवताना या चुका टाळा

चिपळूण, लोटे, रत्नागिरी या पट्ट्यात गेली काही वर्षं मी मुख्यतः एकच काम करतोय. कंपन्यांच्या जुन्या डॉक्युमेंट मॅनेजमेंट सिस्टिम (ऑफिसची कागदपत्रं साठवायची आणि शोधायची सॉफ्टवेअर) नव्या सर्व्हरवर किंवा क्लाउडवर हलवायच्या. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि तळमजल्यावर होतं नव्हतं ते चिखलात गेलं. तेव्हापासून या कामासाठी येणारे फोन वाढले. लोकांची भीती खरी आहे आणि घाई का होते तेही समजतं. पण दर वेळी त्याच चार-पाच चुका बघून आता लिहायलाच बसलोय.

फाईल कॉपी झाल्या म्हणजे मायग्रेशन (सिस्टिम हलवणं) झालं असं समजणं

नवीन मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, टूल कुठलं वापरायचं?" टूलचा विचार फार नंतर येतो. आधी हे समजून घ्या की सिस्टिम डॉक्युमेंटम असो, फाईलनेट असो की अल्फ्रेस्को, एक दस्तऐवज तीन ठिकाणी विभागलेला असतो. खरी फाईल फाईल स्टोअरमध्ये असते. तिचं नाव, तारीख, आवृत्त्या आणि कोणाला दिसायची कोणाला नाही हे सगळं, म्हणजे मेटाडेटा, डेटाबेसमध्ये असतं. शोधण्यासाठी लागतो तो इंडेक्स तिसरीकडेच. अल्फ्रेस्कोचं फाईल स्टोअर उघडून बघा. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट असे फोल्डर आणि आत लांबलचक नावांच्या बिन फाईल. त्यातली बॉयलरची कुठली आणि पगारपत्रकाची कुठली हे डेटाबेसशिवाय कोणीही सांगू शकत नाही.

त्यामुळे काय आधी उचलायचं आणि काय नंतर, याला फार महत्त्व आहे. सिस्टिम चालू असताना बॅकअप घ्यायचा तर आधी इंडेक्स, मग डेटाबेस, शेवटी फाईल. कारण साधं आहे. फाईल जास्त आली आणि डेटाबेसात तिची नोंद नाही, तर काही बिघडत नाही. अशी बेवारस फाईल फक्त जागा अडवते. पण नोंद आली आणि फाईल आली नाही, तर यादीत नाव दिसतं आणि क्लिक केलं की एरर. शनिवारी दुपारी फाईल कॉपी केल्या आणि रविवारी रात्री डेटाबेस घेतला, तर मधल्या दीड दिवसात चढलेला प्रत्येक कागद असाच हरवतो. हे मी तीन ठिकाणी पाहिलंय. तिन्ही ठिकाणी कोणीतरी म्हणालं होतं, "फाईल मोठ्या आहेत, त्या आधी उरकून घेऊ."

फाईल आधी उचलायला हरकत नाही, पण मग शेवटी फरकाची फेरी, म्हणजे मधल्या काळात बदललेलं तेवढं पुन्हा कॉपी, करावीच लागते. माझी सवय अशी आहे की आठवडाभर आधी मोठा ढीग हलवायचा. कटओव्हरच्या रात्री, म्हणजे जुन्यावरून नव्यावर जायच्या रात्री, जुनी सिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवायची, मग डेटाबेस घ्यायचा आणि त्यानंतर फाईलींमधला फरक. जुनी सिस्टिम फक्त वाचण्यापुरती करायला कोणी मॅनेजर तयार नसेल, तर मी ते काम पुढे ढकलतो.

आणि ढीग हलवायच्या आधी गणित करा. 4 टेराबाईट डेटा 100 एमबीपीएसच्या लाईनवरून पूर्ण वेगाने गेला तरी साधारण 89 तास लागतात. पूर्ण वेग आपल्याकडे मिळत नाही, त्यात हायवेच्या कामात केबल तुटते. मोठा डेटा असला की मी एन्क्रिप्ट केलेल्या (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या) दोन डिस्क घेतो. एक ऑफिसच्या तिजोरीत ठेवतो आणि दुसरी घेऊन कुंभार्ली घाटाने पुण्याला जातो.

मराठी मेटाडेटा न उघडता नव्या सिस्टिममध्ये ढकलणं

पुण्या-मुंबईहून येणाऱ्या टीमना ही चूक माहीतच नसते, आणि सगळ्यात जास्त नुकसान हीच करते. लोट्याच्या एका केमिकल कारखान्याचं काम होतं. जुनी सिस्टिम बारा वर्षांची. आकडे जुळले, प्रत्येक फाईलचा चेकसम (फाईल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा) जुळला, सगळ्यांनी सह्या केल्या. तिसऱ्या दिवशी सेफ्टी ऑफिसरांनी शोधाच्या चौकटीत "बाष्पक" (बॉयलर) असं टाकलं. उत्तर शून्य. "किनाऱ्यावरील पाईपलाईन" टाकलं, तेव्हा चाळीसातली सहा कागदपत्रं आली. कारखान्याची तपासणी दोन आठवड्यांवर होती.

मी रेकॉर्ड रूममध्ये गेलो. तिथले काका निवृत्तीला आलेले. विचारलं, "काका, ही शीर्षकं कोणी टाईप केली?"

"मी आणि अजून एक बाई होत्या. आधी त्या जुन्या फॉन्टात करायचो. नंतर नवीन कॉम्प्युटर आले, तेव्हा कीबोर्ड बदलला. का रे, काय झालं?"

झालं होतं ते असं. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो फॉन्ट असलेल्या मशीनवरच ती मराठी दिसतात. जुन्या सिस्टिममध्ये काका शोधतानाही त्याच फॉन्टात टाईप करायचे, म्हणून शोध लागायचा. नवीन सिस्टिम ब्राउझरवर चालते आणि लोक युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणाऱ्या पद्धतीत, टाईप करतात. बारा वर्षांपैकी पहिल्या सहा वर्षांची शीर्षकं पडद्यावर नुसती चिन्हांची रांग झाली होती.

मग टीममधला एक मुलगा म्हणाला, "कन्व्हर्टर चालवून टाकतो, तासाभराचं काम आहे." मी थांबवलं. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. रफाराचं असंच, जागा बदलते. म्हणून एका अक्षराला दुसरं अक्षर असं सरळ बदलून भागत नाही. शिवाय त्याच रकान्यात पंपाचे आणि ड्रॉइंगचे नंबर इंग्रजीत होते. कन्व्हर्टरला ते कळत नाही. तो पंपाच्या नंबरचंही मराठी करून टाकतो, आणि मग तो नंबर कोणालाच सापडत नाही.

आम्ही आधी मूळ मजकूर जसाच्या तसा एका वेगळ्या रकान्यात ठेवला. हे मी आता प्रत्येक कामात करतो, कोणी मागो न मागो. मग वर्षांप्रमाणे नोंदी वेगळ्या केल्या आणि इंग्रजी नंबर बाजूला काढून फक्त उरलेला मजकूर बदलला. काका शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि प्रत्येक गटातल्या पन्नास-पन्नास नोंदी डोळ्यांनी वाचल्या. नऊ दिवस गेले. तपासणीच्या आधी काम पुरं झालं, पण ते नऊ दिवस कोणाच्याही प्लॅनमध्ये नव्हते.

"किनाऱ्यावरील" या शब्दाची भानगड वेगळी होती. युनिकोडमध्ये हा आडवा रकार दोन तऱ्हांनी टाईप होतो. एक वेगळं ऱ अक्षर वापरून, दुसरा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा जोडकारक लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची पद्धत) हे दोन्ही एक करत नाही. त्याचा नियम आपणच लिहायचा आणि तो साठवताना व शोधताना दोन्हीकडे लावायचा.

लांबीही बघा. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाईट घेतं. काना, वेलांटी, हलन्त यांचेही तीन-तीन. "रत्नागिरी" हा एक शब्द 27 बाईटचा. डेटाबेसचा रकाना 255 बाईटचा असेल, तर त्यात 85 चिन्हं बसतात. लिनक्सवर फाईलच्या नावालाही सहसा हीच 255 बाईटची मर्यादा असते. आपल्या ऑफिसांत पत्राचा अख्खा विषय फाईलचं नाव म्हणून लिहायची पद्धत आहे, ती नावं इथे अडतात.

तारीख कॅलेंडर बघून ठरवणं, गाव बघून नाही

"गणपतीत ऑफिस रिकामं असतं, तेव्हा कटओव्हर करू." हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. ऑफिस रिकामं असतं म्हणजे तपासायलाही कोणी नसतं. गौरी-गणपतीत आणि शिमग्यात इथला माणूस घरचा असतो, त्याला फोन करून "परमिशन का दिसत नाही" विचारण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात लाईटचा आणि घाटांतल्या दरडींचा भरवसा नाही. मे-जूनही धरू नका. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आणि मे 2021 मध्ये तौक्ते आपल्याच किनाऱ्याने गेलंय. मार्चमध्ये वर्षअखेर. मी तुळशीचं लग्न ते माघी गणपती एवढाच काळ धरतो आणि त्यातही महिन्याची पहिली तारीख टाळतो. क्लायंटला हे आवडत नाही, तरी मी तारीख बदलत नाही.

थोडक्यात, पण दर वेळी भेटणाऱ्या

रोबोकॉपी (विंडोजची फाईल कॉपी करायची कमांड) मूळ सेटिंगवर चालवून घरी जाऊ नका. अडकलेल्या एका फाईलसाठी ती दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी 30 सेकंद थांबून. सकाळी येऊन बघाल तर ती तिथेच उभी असते. परवानग्याही ती सांगितल्याशिवाय कॉपी करत नाही.

रोबोकॉपीला मिर स्विच (/MIR) लावताना उगम आणि ठिकाण दोनदा मोठ्याने वाचा. उगमात नसलेलं सगळं तो ठिकाणावरून पुसतो.

डीएनएसचा टीटीएल (सर्व्हरच्या नावाचा जुना पत्ता बाकीची मशीन किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ) कटओव्हरच्या दोन दिवस आधी कमी करा, त्याच रात्री नव्हे.

जुनी कागदपत्रं स्वस्त पडतात म्हणून सरसकट ग्लेशियरमध्ये (ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या स्वस्त साठ्यात) टाकू नका. त्यातल्या डीप आर्काइव्हमधून साध्या पद्धतीने कागद परत यायला 12 तासांपर्यंत लागतात आणि ऑडिटर समोर बसलेला असतो.

तपासणीसाठी आयटीवाल्यांनी निवडलेले नमुने घेऊ नका, ते नेहमी चांगलेच निघतात. वापरणाऱ्यांकडून रोज लागणारे वीस कागद आणि वर्षातून एकदाच लागणारे वीस कागद आधीच लिहून घ्या. घोळ सहसा त्या दुसऱ्या विसात सापडतो.

जुना सर्व्हर लगेच पुसणं

जागा हवी, वीज वाचवायची, म्हणून आठवड्यात फॉरमॅट करतात. मी तो पहिल्या मजल्यावर नेऊन ठेवतो, नेटवर्कची वायर काढतो आणि मशीन चालू ठेवून महिनाभर वाट बघतो. कोण ओरडतं ते ऐकायचं असतं. लोट्याच्या त्याच कारखान्यात अकराव्या दिवशी गेटवरून फोन आला. वजनकाट्यावरचा संगणक रोज संध्याकाळी दिवसभराच्या पावत्या जुन्या सर्व्हरच्या पत्त्यावर पाठवायचा. तो पत्ता नावाने नव्हे, आकड्यांत लिहिलेला होता आणि कुठल्याही यादीत नव्हता. दहा दिवसांच्या पावत्या काट्याच्या मशीनमध्येच साठून राहिल्या होत्या, पण एकही हरवली नव्हती. पत्ता बदलला, पावत्या नव्या सिस्टिममध्ये चढवल्या आणि वजनकाटा यादीत लिहिला. महिन्याची मोजणी त्या दिवसापासून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.