गोल, बाण आणि चौकटी: लिहिण्याआधी विचार कागदावर कसे मांडायचे

वर्गात पहिल्यांदा ग्राफिक ऑर्गनायझर, म्हणजे विचार मांडायला गोल-बाण-चौकटींची आकृती, वापरला तेव्हा मी सपशेल तोंडावर पडले. मधे एक मोठा गोल आणि त्याला चिकटलेले सहा छोटे गोल, अशा चाळीस झेरॉक्स काढून नेल्या आणि निबंधाला विषय दिला, ‘मी सायकल शिकतो’. अर्ध्या तासात सगळे कागद भरून परत आले. मी खूश. मग एकेक वाचायला घेतला. बहुतेकांच्या चार गोलांत खरोखर काहीतरी होतं आणि उरलेल्या दोनांत ‘मजा’ आणि ‘आनंद’. का? तर गोल सहा होते म्हणून! एका मुलीकडे मात्र सांगायला अकरा गोष्टी होत्या. तिने पाच गाळल्या. भावाने ‘मागून सीट धरलीय’ म्हणत केव्हाच हात सोडून दिला होता, ही गोष्ट त्या गाळलेल्या पाचांत होती. मला ती मधल्या सुट्टीत तोंडी कळली.

तेव्हापासून छापील चौकटी बंद. कोरा कागद आडवा धरायचा, शिसपेन्सिल घ्यायची आणि पहिली सात-आठ मिनिटं काहीही न आखता, डोक्यात जे येईल ते कागदभर विखरून लिहायचं. वाक्यं नकोत, पण अगदी मोघम शब्दही नकोत. ‘भीती’ लिहिलं तर तासाभराने त्याचा काही उपयोग होत नाही. ‘उताराची भीती’ लिहिलं की तो उतार डोळ्यांपुढे येतो. या टप्प्यावर कुठली नोंद चांगली, कुठली फालतू हे ठरवू नका. त्या जवळजवळ लिहू नका, आजूबाजूला जागा सोडा.

हे ओतून टाकणं का लागतं? जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1956 साली मांडलं होतं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो. पुढे नेल्सन कोवान यांनी 2001 मध्ये हा आकडा चारच्या आसपास आणला. सात धरा नाहीतर चार, निबंधाला लागणारं सगळं त्यात मावत नाही. पाचवा मुद्दा आठवताना पहिला निसटतो आणि आपण म्हणतो, ‘सुचत नाहीये’. बऱ्याचदा सुचलेलं असतं, ठेवायला जागा नसते.

आता आकृतीची निवड. इथे लोक उलटं करतात: आधी आकृती आवडते, मग विषय तिच्यात कोंबतात. माझा क्रम असा, की विखुरलेल्या नोंदींकडे बघून एकच प्रश्न विचारायचा, ‘मला यांचं काय करायचंय?’ तुलना करायची असेल तर तक्ता किंवा वेन आकृती, म्हणजे थोडे एकमेकांवर चढलेले दोन गोल. आधी काय, नंतर काय हे सांगायचं असेल तर ओघतक्ता, म्हणजे बाणांनी एकामागून एक जोडलेल्या चौकटी. एखादी गोष्ट का घडली हे शोधायचं असेल तर माशाचा सांगाडा, म्हणजे डोक्याशी परिणाम आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांवर कारणं. जपानमध्ये गुणवत्ता नियंत्रणाचं काम करणाऱ्या काओरू इशिकावा यांनी ही आकृती रूढ केली, म्हणून तिला त्यांचंच नाव आहे. प्रकार आणि पोटप्रकार पाडायचे असतील तर वंशवृक्षासारखं झाड. आणि एका विषयातल्या कल्पना एकमेकींशी कशा जोडल्यात हे समजून घ्यायचं असेल तर संकल्पनाचित्र.

वेन आकृतीबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. जॉन वेन यांनी 1880 साली ती मांडली ती तर्कशास्त्रासाठी, निबंधाच्या मुद्द्यांसाठी नव्हे. (त्याच्या शंभरेक वर्षं आधी गणितज्ञ ऑयलर यांनीही असेच गोल वापरले होते.) दोन गोल एकमेकांवर आले की मधे उरते एक चिंचोळी फट, आणि नेमकं तिथेच मुलांना सगळ्यात जास्त लिहायचं असतं. शिवाय डाव्या गोलातला तिसरा मुद्दा आणि उजव्या गोलातला तिसरा मुद्दा यांचा एकमेकांशी संबंध असतोच असं नाही. म्हणून लिहिण्यासाठी तुलना करायची असेल तर मी तीन रकान्यांचा तक्ता काढायला लावते: पहिला रकाना ‘कशाबाबत’, पुढचे दोन त्या दोन गोष्टींचे.

समजा वटवाघूळ आणि पक्षी. ‘अंगावर काय’ या ओळीत एकीकडे केस, दुसरीकडे पिसं. ‘पिल्लं’ या ओळीत एकीकडे थेट पिल्लू जन्मतं आणि दूध पितं, दुसरीकडे अंडी. ‘पंख’ लिहिताना खरी गंमत येते: वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलचक बोटांवर ताणलेली कातडी आणि पक्ष्याचा पंख म्हणजे हातावर बसवलेली पिसं. मग कुणीतरी वटवाघळाच्या रकान्यात लिहितं, ‘प्रतिध्वनीवरून वाट काढतं’, आणि शेजारची चौकट रिकामी राहते. ती रिकामी चौकट हाच तक्त्याचा सगळ्यात मोठा फायदा. वेन आकृतीत ती दिसलीच नसती. एका मुलाने ती भरायची म्हणून शोधाशोध केली आणि त्याला सापडलं की गुहांमध्ये राहणाऱ्या काही पाकोळ्याही अंधारात प्रतिध्वनीवरून वाट काढतात. त्याच्या निबंधातला सगळ्यात चांगला परिच्छेद तोच झाला.

संकल्पनाचित्रावर जरा जास्त वेळ थांबते, कारण ते सगळ्यात चुकीच्या पद्धतीने काढलं जातं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात ही पद्धत घडवली. मुलांच्या डोक्यातलं विज्ञान वर्षागणिक कसं बदलतं हे त्यांना टिपायचं होतं. तिची अट एकच: दोन गोलांना जोडणाऱ्या प्रत्येक बाणावर शब्द हवेत, आणि गोल-बाण-गोल सलग वाचल्यावर पूर्ण वाक्य व्हायला हवं. लोक नेमके हेच शब्द गाळतात.

जलचक्राचं उदाहरण घ्या. एका मुलाने ‘वाफ’ आणि ‘ढग’ असे दोन गोल काढून मधे नुसती रेघ ओढली होती. मी बरोबरची खूण करून पुढे गेलेही असते. म्हटलं, ‘बाळा, रेघेवर काहीतरी लिही की.’ त्याने लिहिलं, ‘म्हणजेच’. वाचा: वाफ म्हणजेच ढग. इथे चूक उघडी पडली. पाण्याची वाफ दिसत नाही. ती गार होऊन तिचे बारीक थेंब किंवा हिमकण होतात, तेव्हा ढग दिसतो. मग त्याने बाणावर ‘गार होऊन जिचे थेंब होतात, तो’ असं लिहिलं. भाषा जरा वाकडी आहे, पण समज सरळ झाली. कितीही रंगीत गोल काढले असते तरी नुसत्या रेघेने हे दाखवलं नसतं.

(रंगांचं म्हणाल तर दोन पुरेत. तिसरा रंग हातात आला की मुलं विचार सोडून रंगवायला लागतात. मोठी माणसंसुद्धा.)

आता चित्रावरून लेखनाकडे. इथे बरेच जण अडकतात, कारण चित्र चहूबाजूंना पसरतं आणि लेखन मात्र एका ओळीमागून दुसरी ओळ असंच जातं. म्हणून चित्र झाल्यावर पेन घेऊन तीन गोष्टी करा. ज्या गोलाबद्दल दोन वाक्यंसुद्धा लिहिता येणार नाहीत तो खोडा, किंवा शेजारच्यात मिळवा. ज्या गोलापाशी बाणांची गर्दी झालीय त्याला दुहेरी वर्तुळ करा. लेखाचं वजन बहुधा तिथेच असतं. मग उरलेल्यांना क्रमांक द्या, आणि पहिला क्रमांक मुद्दाम दुहेरी वर्तुळाला देऊन बघा. त्या सायकलवाल्या मुलीला मी कोरा कागद देऊन हे पुन्हा करायला लावलं. दुहेरी वर्तुळ भावापाशीच आलं. नवा निबंध सुरू झाला तो ‘धरलंयस ना?’ या प्रश्नाने आणि त्याला उत्तर आलं ते बरंच लांबून. आधीचा सुरू झाला होता ‘सायकल हे एक उपयुक्त वाहन आहे’ असा.

प्रत्येक गोलाचा एक परिच्छेद झालाच पाहिजे असा नियम मात्र करू नका. दोन गोल एका वाक्यात जातात, एखादा गोल पानभर चालतो.

अभ्यासासाठी हेच वापरायचं तर एक गोष्ट बदला: पुस्तक मिटा. जेफ्री कार्पिक आणि जेनेल ब्लंट यांनी 2011 साली केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा समोर ठेवून संकल्पनाचित्रं काढली, तर काहींनी उतारा वाचून, बाजूला ठेवून, आठवेल तेवढं लिहिलं. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारे पुढे होते, अगदी परीक्षेत संकल्पनाचित्र काढायला सांगितलं तरीही. हे वाचून मी जरा खट्टू झाले होते, खोटं कशाला बोलू! पण दोष चित्राचा नव्हता, उघड्या पुस्तकाचा होता. पुस्तक समोर असलं की आपण चित्र काढत नाही, उतरवून घेतो.

तेव्हा धडा वाचा, मिटा, आणि निळ्या पेनाने आठवेल तेवढं चित्र काढा. बाणांवरचे शब्दही आठवूनच लिहायचे. अडलात तर तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे जा, डोकावू नका. पूर्ण अडल्यावरच पुस्तक उघडा. सुटलेलं आणि चुकलेलं लाल पेनाने भरा. आठवड्याने नवा कोरा कागद घेऊन हेच करा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. मागच्या वेळी लाल असलेलं जे या वेळी निळ्यात आलंय ते सोडून द्या. जे पुन्हा लालच राहिलंय, तेवढंच वाचायला घ्या.