पहिलं आरसी विमान घेताय? रूपावर भाळण्याआधी या चुका टाळा

पहिलंच आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, विमान घ्यायचं आणि तेही खऱ्या विमानाची हुबेहूब प्रत हवी असं ठरलं, की बोट हमखास थांबतं ते दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर किंवा मस्टँग या लढाऊ विमानांवर, नाहीतर आपल्या तेजसवर. दिसतातच ती देखणी! पण खरी स्पिटफायरसुद्धा शिकाऊ वैमानिकाच्या हाती पहिल्या दिवशी कोणी देत नव्हतं. आधी साध्या ट्रेनरवर, म्हणजे शिकाऊ विमानावर, हात बसवून घ्यायचे. छोट्या प्रतीत या विमानांचे स्वभावदोष कमी होत नाहीत, उलट वाढतात. पंख जितका लहान, तितकी हवा त्याच्यावरून लवकर सुटते, म्हणजे उचल संपते, आणि खाली रिमोट धरून उभ्या असलेल्याला सावरायला वेळही तितकाच कमी मिळतो.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रूप बघून घेणं. बाकीच्या चुका मैदानावर निस्तरता येतात, ही मात्र खोक्यातूनच घरी येते.

पंखाचा हिशेब न करणं

दुकानदार मोटर किती ताकदीची, वेग किती, हे भरभरून सांगतो. तुम्ही दोनच गोष्टी विचारा: बॅटरीसकट वजन आणि पंखाचं क्षेत्रफळ. वजनाला क्षेत्रफळाने भागलं की विंग लोडिंग मिळतं. छंदातले लोक ते ग्रॅम दर चौरस डेसिमीटर असं मोजतात. म्हणजे पंखाच्या प्रत्येक १० बाय १० सेंटिमीटरच्या चौकोनावर किती ग्रॅम भार येतो ते.

एक मीटर पंखविस्ताराचं, पंख वर असलेलं ट्रेनर घ्या. पंखाची सरासरी रुंदी १६ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ १६ चौरस डेसिमीटर. वजन ४५० ग्रॅम. भागाकार आला साधारण २८. आता ७५ सेंटिमीटर पंखविस्ताराचं एखादं लढाऊ विमान घ्या. सरासरी रुंदी १३ धरली तर क्षेत्रफळ पावणेदहा, वजन ४३० ग्रॅम, भागाकार ४४. वजनाने हे दुसरं विमान हलकंच आहे, तरी पहिलं ताशी २५ किलोमीटरच्या आसपासही हवेत टिकेल आणि दुसऱ्याला ३१ तरी लागतील. हा झाला अगदी किमान वेग. उतरताना त्यावर पाव हिस्सा तरी जास्त ठेवावा लागतो, म्हणजे ताशी चाळीसच्या आसपास वेगाचं विमान छोट्याशा मैदानात तुमच्याकडे झेपावत येणार.

हे आकडे साधारण सारख्या आकाराच्या विमानांतच ताडून बघा. ४० सेंटिमीटरच्या, ५०-६० ग्रॅमच्या फोमच्या मस्टँगचा भागाकार वीसच्या आतही येऊ शकतो. म्हणून ते सोपं ठरत नाही. वाऱ्याच्या एका झुळकेने ते कुठच्या कुठे जातं.

लढाऊ विमान नेमकं कुठे दगा देतं

मस्टँगचा पंख टोकाकडे निमुळता होत जातो. उड्डाण छान होतं, दोन-चार फेऱ्याही देखण्या होतात. मग उतरायची वेळ येते. शेवटचं वळण, थ्रॉटल (मोटरचा जोर) कमी केलेला, विमान अजून मैदानात पोचत नाही असं वाटतं म्हणून अंगठा हळूच एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) मागे ओढतो. नाक वर जातं, वेग आणखी पडतो आणि पंखाच्या टोकाकडची हवा आधी सुटते. एक पंख अचानक खाली पडतो. तो उचलायला तुम्ही एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) उलट्या बाजूला देता, तर पडलेल्या पंखाचा एलेरॉन खाली येऊन तिथला स्टॉल, म्हणजे हवा सुटून उचल जाणं, अजून वाढवतो. विमान पाठीवर वळून जमिनीत. पाहणारे म्हणतात, "सिग्नल गेला वाटतं." सिग्नल शाबूत असतो, वेग गेलेला असतो. अशा वेळी एलिव्हेटर आधी सोडा, थ्रॉटल द्या, मग पंख सरळ करा. मात्र हे पाच मीटर उंचीवर सुचत नाही. भरपूर उंचीवर असताना मुद्दाम वेग कमी करून, विमान कसं वागतं ते आधीच पाहून ठेवावं लागतं.

स्पिटफायरचं दुखणं निराळं आहे. खऱ्या विमानाची चाकं एकमेकांच्या जवळ होती, तशीच मॉडेलची, त्यामुळे उतरल्यावर पंख जमिनीला घासतो. शिवाय नाक आखूड असल्याने तोल साधायला पुढे वजन भरावं लागतं आणि वजन भरलं की वरचा भागाकार पुन्हा वाढला.

तेजससाठी जीव तुटणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: पोटात डक्टेड फॅन (नळीत बसवलेला पंखा) असलेलं छोटं जेट बॅटरी ढसाढसा पितं, चार-पाच मिनिटांत उतरवावं लागतं आणि हाताने फेकताना पहिल्या क्षणाला त्याला जोर कमी पडतो. जेटच हवं असेल तर फोमशीट कापून केलेलं, मागे साधा प्रॉपेलर लावलेलं सुखोई किंवा मिग करा. बाजूने बघितलं तर खोटं दिसतं, उडताना मात्र झकास दिसतं आणि पडलं तरी शंभर-दोनशेच्या शीटचाच प्रश्न.

मग कोणतं?

माझं मत विचाराल तर पायपर जे-३ कब. १९३८ ते १९४७ या काळात बनलेलं हे पिवळं विमान, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला अमेरिकेत असंख्य वैमानिक याच्यावरच शिकले. खऱ्याचा पंखविस्तार १०.७४ मीटर, म्हणजे एक दशांश प्रत साधारण १०७ सेंटिमीटरची होते. टोकापर्यंत जवळपास सारख्या रुंदीचा पंख, त्यामुळे स्टॉलची सुरुवात मधल्या भागापासून होते आणि विमान सावकाश नाक खाली घालतं. इशारा देऊन पडणारं विमान शिकणाऱ्याला हवंच.

पण कब म्हणजे अगदीच सोपं, हेही खरं नाही. शेपटीखाली चाक असल्याने थ्रॉटल एकदम दिला की ते डावीकडे पळतं आणि गवतात नाकावर पडतं. चाकं मोठी असलेलं मॉडेल घ्या, एलिव्हेटर मागे धरून थ्रॉटल हळूहळू वाढवा. वळताना नुसता एलेरॉन दिला तर नाक आधी उलट बाजूला सरकतं. सोबत थोडा रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) द्यायची सवय पहिल्यापासून लावून घ्या.

दुसरं डोळ्यात भरतं ते सेसना १७२. त्याला पुढे चाक असतं, त्यामुळे डांबरी पट्ट्यावर ते सरळ धावतं. आपल्याकडे मात्र उडवायला मिळतं ते मुरमाचं मैदान, नाहीतर कापणी झालेलं रान. काळ्या मातीच्या ढेकळात पुढचं चाक अडकतं आणि त्याची तार फोमसकट उपटून येते. अशा जागी चाकं काढून हाताने सोडा आणि गवतावर पोटावर उतरवा. ही कला ज्याला येते त्याचं विमान जास्त दिवस टिकतं.

आकार आणि रंग

छोटं म्हणजे सोपं, हा गैरसमज. ४० सेंटिमीटरचं विमान साठ-सत्तर मीटरवर गेलं की ते येतंय का जातंय हेच कळत नाही. राखाडी किंवा लष्करी हिरवा रंग तर आभाळ भरलेलं असताना साफ हरवतो; तो रंग लपण्यासाठीच शोधला होता. पंखाच्या खालच्या बाजूला काळे-केशरी जाड पट्टे चिकटवा, वरची बाजू वेगळी ठेवा. प्रतीचा अस्सलपणा थोडा जातो, जाऊ द्या.

खोक्यावरची अक्षरं

आरटीएफ (रेडी टू फ्लाय) म्हणजे सगळं आत आहे. बीएनएफमध्ये (बाइंड अँड फ्लाय) रिमोट नसतो आणि प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी: स्पेक्ट्रमचा रिसीव्हर (विमानातला, रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) फ्लायस्कायच्या रिमोटला ओळख देत नाही, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर असले तरी. पीएनपीमध्ये (प्लग अँड प्ले) रिमोट, रिसीव्हर, बॅटरी, चार्जर तुमचे तुम्ही आणायचे. किंमत कमी दिसते ती यामुळे. रिमोट मोड २ चा, म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला असलेला घ्या. मदतीला येणाऱ्याचा हात बहुधा त्यावरच बसलेला असतो. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग केलेलं कोणी ओळखीचं असेल तर पहिल्या दिवशी त्यांना गाठा.

तोल न तपासणं

हँडबुकात सीजी, म्हणजे विमानाचा तोलबिंदू, कुठे हवा ते दिलेलं असतं. नसेल तर पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर धरा. पेनाने दोन्ही पंखांखाली खूण करा, बॅटरी जागेवर बसवा आणि विमान दोन बोटांवर त्या खुणांवर उचला. नाक किंचित खाली झुकलं तर उत्तम. शेपूट खाली गेली तर त्या दिवशी उडवूच नका. बॅटरी पुढे सरकवा, तेवढ्याने भागलं नाही तर नाकात वजन घाला. पुढे जड विमान आळशी उडतं, मागे जड विमान एकदाच उडतं, असं जुने लोक म्हणतात ते उगाच नाही. बॅटरी वेलक्रोने घट्ट बांधा. हवेत ती मागे सरकली तर सगळी मोजणी वाया.

त्याच बैठकीत विमानामागे उभं राहून रिमोटवरची एलेरॉनची काठी उजवीकडे करा: उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे. जायरो (विमान आपोआप सरळ ठेवणारं यंत्र) असेल तर बॅटरी जोडल्यावर काही सेकंद विमान हलवू नका. हातात हलतं असताना जोडलं तर त्या वाकड्या स्थितीलाच तो सरळ समजतो.

लक्षणं आणि उपाय

थ्रॉटल वाढवला की नाक वर जातं: मोटरच्या माउंटमागे वरच्या स्क्रूंना एकेक वॉशर घालून तोंड किंचित खाली करा. मोटर बीप-बीप करते, फिरत नाही: थ्रॉटलची काठी किंवा ट्रिम (काठीशेजारची बारीक जुळवणीची कळ) पूर्ण खाली नाही. उलटी फिरते: मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा. आवाज मोठा पण ओढ नाही: प्रॉपेलर उलटा बसवलाय, अक्षरं पुढे दिसली पाहिजेत. हवेत मोटर अडखळायला लागली: ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट) बॅटरी वाचवतोय, सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) अजून चालतात, गुपचूप उतरा.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा सेल पूर्ण भरलेला ४.२ व्होल्ट, ३ च्या खाली गेला की बॅटरी बाद. कपाटात ठेवायची तर ३.८ च्या आसपास ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, बॅटरीही आणि फोमचं विमानही. पंखाला पीळ पडतो आणि मग विमान एकाच बाजूला का ओढतंय ते शोधत बसावं लागतं.

जागा आणि वेळ

सकाळी सातच्या आत हवा शांत असते. दुपारी गरम हवेचे झोत आणि घारी, दोन्ही त्रास देतात. संक्रांतीच्या आठवड्यात मांजामुळे मैदानाचा नादच सोडा.

ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे शिक्षणासाठी किंवा मौजेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे, लाल पट्टे मात्र लागू आहेत. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, मुंबईत पोलीस वेळोवेळी रिमोटवरच्या विमानांवर बंदीचे आदेश काढतात. नकाशा पाहून आणि ताजा आदेश विचारूनच बाहेर पडा.

शेवटचं दुकानातलं काम. प्रॉपेलर, मोटरमाउंट, शेपूट सुटी मिळते का ते पैसे देण्याआधी विचारा. सुटे भाग न मिळणारं विमान एका आपटीत शोभेचं होतं. दोन प्रॉपेलर जास्तीचे त्याच वेळी घ्या. आणि घरी थर्माकोल किंवा डेप्रॉनला (त्याच जातीची पातळ फोमशीट) तडा गेला तर फेव्हिक्विककडे हात नेऊ नका, फोम विरघळतो. फोमसेफ गोंद नाहीतर जेमतेम गरम असलेली ग्लू गन.