वनहक्काचा दावा भरताना या चुका टाळा

पाऊस उघडला की पाड्यापाड्यांवर वनहक्काच्या, म्हणजे कसत असलेल्या जंगलजमिनीवरच्या हक्काच्या दाव्यांच्या, फायली पुन्हा बाहेर निघतात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला टांगलेल्या, वर्षानुवर्षं जपलेल्या. आत बहुतेकदा एकच पत्र असतं: ‘पुरावे अपुरे, दावा अमान्य.’ एका संस्थेबरोबर अशा फायली वाचायचं काम मी काही वर्षं करते आहे. जमीन कसणारा खोटा आहे म्हणून अडकलेला दावा मला क्वचितच दिसला. कागद चुकीच्या पद्धतीने लावलेले मात्र पुष्कळ दिसतात, आणि त्यातले काही आमच्यासारख्या मदतीला गेलेल्यांनीच लावलेले असतात.

सगळ्यात मोठी चूक आम्हीच केली होती. वेळ वाचावा म्हणून वडीलधाऱ्यांच्या जबाबाचा एकच मजकूर टाइप केला, नाव तेवढं बदललं आणि चाळीसेक दाव्यांना जोडला. सगळे परत आले. २००६च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा स्वतंत्र पुरावा आहे, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नको. पण त्या माणसाला काय आठवतं तेच त्यात यायला हवं. ‘हा बांध याच्या आज्याने घातला, त्या वर्षी दुष्काळी काम चालू होतं’ असं एक वाक्य छापील पानभर मजकुरापेक्षा जड असतं. म्हणून आता आम्ही आजोबांना घेऊन शेतावर जातो आणि ते बोलतील तसं, त्यांच्याच बोलीत, लिहून घेतो. अर्धा दिवस जातो, तो जाऊ द्यावा.

निदान दोन पुरावे जोडायचे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण सगळ्यात चांगला पुरावाच लोक दडवून ठेवतात: जंगलखात्याने फाडलेली दंडाची पावती. अतिक्रमण केलं म्हणून दंड झाला, ही पावती दाखवली तर उलट पकडतील, अशी भीती असते. ती भीती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तिच्यावर रागावू नये. पण दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो, आणि १९९०च्या दशकातली पावती नेमकं तेच सांगते. पावती नसेल तर शेताकडे नीट बघा. दगडी बांध, भातखाचरं, विहीर, जुनं घरठाण, पूर्वजांची थडगी यांचे फोटो काढा. पावती नाही किंवा उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही, एवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येत नाही. उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून असतं, त्यांच्या जागी नव्हे. २०१२च्या दुरुस्तीत हे स्पष्ट लिहिलं आहे. प्रांत कार्यालयात जाताना त्या नियमाची प्रत सोबत ठेवा.

इतर पारंपरिक वननिवासींना, म्हणजे आदिवासी नसलेल्यांना, याशिवाय तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. त्यांची फाइल वेगळी बांधा.

दाव्यांवरचा ग्रामसभेचा ठराव ही दुसरी कमजोर जागा. ग्रामपंचायतीच्या कचेरीत सात-आठ सह्या घेऊन केलेला ठराव टिकत नाही. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत, त्यांत एक तृतीयांश बायका, आणि दाव्यांवर ठराव होत असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी समोर हवेत. लोक वीटभट्टीला किंवा ऊसतोडीला गेलेले असताना सभा लावली तर हे जमणार कसं? तारीख स्थलांतराआधीची धरा. स्थळपाहणीची लेखी सूचना वनखात्याला द्या आणि त्याची पोच फाइलला लावा.

मोजणीच्या वेळी मोबाइल हातात घेऊन कार्यकर्ता एकटाच बांधावरून चालतो, हेही टाळा. चार एकर कसणाऱ्याला बारा गुंठ्यांचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, हातात पडतो, त्यामागे पुष्कळदा अशी घाईची मोजणी असते. घरचं माणूस पुढे, मोबाइल मागे, शेजारचे दोघे साक्षीला. मर्यादा चार हेक्टरची आहे, आणि तिच्या आत जेवढी जमीन खरोखर ताब्यात आहे तेवढी सगळी मागायची.

नवरा-बायको असतील तर पट्टा दोघांच्या नावे होतो. अर्जातच दोघांची नावं घाला, नंतर घालू म्हणू नका.

दावा नामंजूर झाला असं तोंडी कळलं तर कारणांसहित लेखी निर्णय मागा. तो हाती पडल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे जाता येतं: ग्रामसभेकडून उपविभागीय, तिथून जिल्हा समितीकडे. पाकिटावरचा शिक्का जपून ठेवा, दिवस मोजताना तो उपयोगी पडतो. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून उठवता येत नाही.

आणि फक्त वैयक्तिक दाव्यांवर थांबू नका. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक हक्काने सुमारे १,८०० हेक्टर जंगल मिळवलं, आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यासाठीचा अर्ज वेगळा असतो, नमुना क. त्याच्या बैठकीला गुराख्यांना आणि मोहफुलं वेचणाऱ्या बायांना आधी बोलवा. कुठल्या नाल्यापर्यंत आपलं, कुठून पलीकडच्या गावाचं, हे त्यांना पाठ असतं. त्यांच्याकडून नकाशा आधी अंगणात राखेने काढून घ्या आणि मगच कागदावर उतरवा.