लहान शिडाच्या होडीचे रिगिंग: धुणे, सुकवणे आणि पावसाळ्यात ठेवणे

मुंबई बंदरात सुट्टीच्या दिवशी पाण्यात उतरणारी डिंगी दोन-तीन तास शीड भरून चालते आणि उरलेला आठवडा काठावर उभी असते. तिच्या रिगिंगची, म्हणजे डोलकाठी, शीड, दोर व कप्प्या यांची, निम्म्याहून अधिक हानी या उभ्या राहण्याच्या काळात होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वाळत चाललेले मीठ, सतत लागणारे ऊन आणि सोडायचा राहून गेलेला ताण ही तिन्ही कारणे काठावरचीच आहेत व तिन्ही टाळता येतात. पुढील विवेचन मुख्यतः आयएलसीए होडीला धरून केले आहे. 2019 पर्यंत ही होडी लेझर या नावाने ओळखली जाई आणि जुनी मंडळी अजूनही तेच नाव घेतात. तिची डोलकाठी दोन तुकड्यांची असते, तिला तारांचा आधार नसतो आणि शीड डोलकाठीवर मोज्यासारखे चढवलेले असते, त्यामुळे तिच्या देखभालीच्या अडचणीही काहीशा वेगळ्या आहेत.

किनाऱ्यावर परतताच पहिले काम म्हणजे व्हँग (शिडाखालची आडवी काठी, म्हणजे बूम, खाली ओढून धरणारा दोर), कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारा दोर) आणि आउटहॉल (शिडाची खालची कड बूमवर मागे ताणणारा दोर) पूर्ण ढिले करणे. ताणलेल्या शिडाचे कापड आणि वाकलेली डोलकाठी तशीच ठेवून चहाला जाण्याची सवय फार महाग पडते. त्याहून वाईट सवय म्हणजे शीड वाऱ्यावर फडफडत ठेवून सुकवणे. शिडाचे पॉलिएस्टर कापड विणल्यानंतर त्यावर राळेचा थर देऊन ताठ केलेले असते. शीड फडफडले की हा थर भेगाळतो, कापड मऊ पडते आणि त्याबरोबर शिडाचा आकारही जातो. शर्यतीतील शिडाला अर्ध्या तासाची फडफड एखाद्या संपूर्ण फेरीपेक्षा अधिक थकवते. म्हणून शीड लगेच उतरवावे.

धुण्यासाठी गोडे पाणी हवे आणि ते मीठ वाळण्यापूर्वी हवे. काठावर नळाला धार नसेल व दोन-तीन बादल्यांवर भागवायचे असेल, तर कप्प्या, डोलकाठीचा सांधा आणि शिडाची खोळ (जी डोलकाठीवर चढते) यांना आधी पाणी द्यावे. दोर घरी नेऊन भिजवता येतात, ते थांबू शकतात. शिडाच्या खोळीत पाणी वरून ओतून खालच्या तोंडातून वाहू द्यावे, कारण बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या शिडाच्या खोळीत बारीक वाळू व मीठ साचून राहते आणि पुढच्या खेपेस तीच वाळू डोलकाठीवर घासली जाते.

डोलकाठीचे दोन तुकडे प्रत्येक फेरीनंतर वेगळे करावेत. सांध्यात मीठ व वाळू अडकली आणि आठवडाभर तशीच राहिली, तर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते व तुकडे एकमेकांत घट्ट बसतात. असे झाल्यास हातोडा वापरू नये. सांध्यावर कोमट पाणी ओतावे, दोघांनी दोन बाजूंना धरून उलटसुलट पिळत ओढावे आणि सुटल्यावर दोन्ही तोंडे पुसून घ्यावीत. ही पांढरी भुकटी स्टेनलेस स्टीलच्या रिव्हेटभोवतीही दिसते. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना लागून असले की त्यांतील ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून नवीन रिव्हेट बसवताना दोन धातूंमध्ये रोधक लेप द्यावा. ॲल्युमिनियमचा वरचा तुकडा मोडतो तो बहुधा कॉलरच्या, म्हणजे सांध्याजवळच्या कड्याच्या, रिव्हेटपाशी. त्या छिद्राभोवती केसाएवढी भेग आहे का, हे कापड फिरवून आणि नख लावून पाहण्यास एक मिनिटही लागत नाही.

कप्प्यांबाबत एक चूक सर्रास दिसते. कप्पी कुरकुरली की तीत मशीनचे तेल सोडतात. गोळ्यांवर फिरणाऱ्या आधुनिक कप्पीला तेल नको असते, कारण तेलाला वाळू चिकटते आणि प्लास्टिकच्या गोळ्या घासल्या जातात. भांडी घासण्याचा साबण घातलेल्या पाण्यात कप्पी बुडवून चाक दोन्ही दिशांनी फिरवावे, मग स्वच्छ पाण्याची धार द्यावी. एवढ्याने बहुतेक कप्प्या पूर्ववत होतात.

मेनशीट (बूम आत-बाहेर करण्याचा मुख्य दोर), व्हँग आणि इतर दोर कोमट पाण्यात सौम्य साबण घालून काही तास भिजत ठेवावेत व पाणी एकदा बदलावे. उशीच्या खोळीत घालून यंत्रात मंद गतीवर धुतले तरी चालतात. ब्लीच अजिबात वापरू नये आणि कढत पाणीही नको, कारण डायनीमाचा (अनेक दोरांत असणाऱ्या मजबूत कृत्रिम तंतूचा) धागा सुमारे 150 अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो आणि त्याच्या पुष्कळ आधी, साध्या उष्णतेनेही, त्याचे बळ घटू लागते. वाळवायचे ते सावलीत, गाठी सोडून, सैल वेटोळी टांगून. वाळलेला दोर ठेवण्यापूर्वी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांमधून सरकवावा. जिथे तो चपटा, काचेसारखा गुळगुळीत किंवा कडक लागतो, तिथे आतला गाभा दुखावलेला असतो. बाहेरचे आवरण थोडे केसाळ झाले तर घाबरण्याचे कारण नाही, गाभा दिसू लागला तर मात्र दोर बदलावा. नेहमी एकाच जागी क्लीटमध्ये (दोर पकडून ठेवणाऱ्या चापात) दबणाऱ्या दोराचे टोक दहा-पंधरा सेंटिमीटर कापून पुन्हा बांधले की झिजणारी जागा सरकते. मेनशीट उलट करून लावली तरी ती बराच काळ पुरते.

तारांचा आधार असलेल्या होड्या, म्हणजे 420 किंवा एंटरप्राइज, यांच्या बाबतीत फेरीनंतर तारांवरचा ताण सोडावा आणि महिन्यातून एकदा मऊ कागद तारेवरून, विशेषतः खालच्या टोकाच्या जोडापाशी, हळू ओढून पाहावा. तुटलेली बारीक तार कागदाला अडकते, बोटाला लागण्याआधी. एक तरी पदर तुटलेला आढळल्यास संपूर्ण तार बदलावी. जोडांवर चिकटपट्टी गुंडाळून ठेवण्याचा मोह होतो, पण स्टेनलेस स्टीलला हवा न मिळाल्यास पट्टीखाली ओलावा धरून ते आतून खड्डे पडून खराब होते. म्हणून साठवणीच्या काळात पट्टी काढून ठेवावी. ऑप्टिमिस्ट होडी चालवणाऱ्या मुलांना मात्र एवढे शिकवले तरी पुरे की स्प्रिटचा (शिडाचा वरचा कोपरा उचलून धरणाऱ्या तिरप्या काठीचा) ताण आधी सोडायचा, मग बाकीचे.

शीड पूर्ण सुकल्यावर वरच्या टोकापासून खाली, बॅटनांशी (शिडाला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांशी) समांतर असे गुंडाळावे. घडी घातली की घडीच्या रेषेवर कापड मोडते आणि पारदर्शक खिडकी तर त्याच रेषेवर तडकते. ओल्या शिडाची गुंडाळी करून ठेवण्याची वेळ आली, तर घरी पोहोचताच ती उलगडावी.

आता पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईच्या समुद्रावर लहान होड्या बहुधा बंद असतात आणि हीच साठवणीची खरी परीक्षा. मीठ हवेतील ओलावा ओढते. पावसाळ्यात मिठाची बरणी जशी पाझरते तसेच, नीट न धुतलेले शीड जुलैत कधीच सुकत नाही व त्यावर बुरशीचे काळे ठिपके उठतात, जे पुढे कितीही घासले तरी पूर्णपणे जात नाहीत. म्हणून शेवटची मोठी धुलाई मे महिन्यात, ऊन कडक असतानाच उरकावी. बॅटन काढून घ्यावेत, शीड सैल गुंडाळून रुंद पीव्हीसी नळीत किंवा सुती पिशवीत ठेवावे, आणि नळीच्या दोन्ही तोंडांना घट्ट झाकण न लावता बारीक जाळी बांधावी. खडकवासल्याच्या गोड्या पाण्यात होडी चालवणाऱ्यांना मिठाची चिंता नाही, पण बुरशी त्यांनाही सोडत नाही. जाळी बांधण्याचे दुसरे कारण उंदीर. उंदरांना दोर व कापड पोखरून घरटे करण्यास आवडते, आणि होडीघराच्या कोपऱ्यात ठेवलेली बंद पिशवी त्यांना सर्वांत सोयीची वाटते, म्हणून दोर व शीड जमिनीवर न ठेवता टांगून ठेवावे.

डोलकाठी आडवी, किमान तीन ठिकाणी आधार देऊन ठेवावी. लोखंडी कोनांवर थेट न ठेवता लाकडी पट्टी किंवा जाड कापड मध्ये घालावे. डोलकाठी व बूम यांची उघडी तोंडेही जाळीने बंद करावीत, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचे घर बांधते आणि ऑक्टोबरमध्ये डोलकाठी व बूम जोडताना त्या मातीने खूप वैताग होतो.

ऑक्टोबरमध्ये पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी सर्व काही काठावर जोडून व्हँग पूर्ण ताणावी, क्लीट दोर पकडतात का, बूमचे रिव्हेट ढिले झाले नाहीत ना, हे पाहावे. ज्या खाचेत डोलकाठी बसते ती खाच रिगिंगमध्ये मोडत नाही म्हणून तपासायची राहून जाते, पण डोलकाठीचा सगळा भार तिच्यावर असतो. तळाची वाळू काढून तिच्यात काठोकाठ पाणी भरावे, पातळीवर खूण करावी आणि तासाभराने पाहावे. पाणी उतरलेले दिसल्यास आत गळती आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत त्या होडीवर डोलकाठी चढवू नये.