युरोपचा कार्बन कर: नाशिकच्या कारखानदारांनो, या चुका टाळा

सातपूर-अंबडहून नट-बोल्ट युरोपला पाठवणाऱ्यांना तिकडचं गिऱ्हाईक आता भावाआधी विचारतं, मालामागे कार्बन किती? मग घाईघाईने छतावर सोलर बसवला जातो. खुशाल बसवा, वीजबिल उतरेल. पण 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष लागू झालेल्या सीबॅममध्ये, म्हणजे आयात मालावरच्या या कार्बन करात, लोखंड-पोलाद आणि ॲल्युमिनियमसाठी फक्त थेट (भट्टी-धुराड्यातून निघणारं) उत्सर्जन धरतात. विकतची वीज एकलहऱ्याच्या कोळशाची असो की उन्हाची, या हिशेबात येत नाही.

बोल्टमधला बहुतेक कार्बन तुमच्या शेडमध्ये तयारच होत नाही, तो वायर रॉडबरोबर, म्हणजे बोल्टसाठी विकत घेतलेल्या पोलादी सळईबरोबर येतो. कोळशावरच्या ब्लास्ट फर्नेसमध्ये टनभर पोलादामागे 2 टनांच्या आसपास किंवा त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीत थेट उत्सर्जन त्याच्या तुलनेत फारच थोडं. म्हणून डीलरकडून रॉड घेताना नुसत्या टेस्ट सर्टिफिकेटवर थांबू नका. हीट नंबरावरून (भट्टीतल्या त्या घाण्याचा क्रमांक) मूळ मिल शोधा आणि तिच्याकडून उत्सर्जनाचा आकडा लेखी मागा. डीलर टाळाटाळ करेल, कारण दोन मिलचा माल त्याने एकाच थप्पीत लावलेला असतो. तो वेगळा ठेवायला लावा. पडताळलेला आकडा नसेल, तर युरोप स्वतःचा ठरीव आकडा लावतो, वर जास्तीची भरही घालतो. स्वच्छ पोलाद वापरूनही मग घाणेरड्या पोलादाचा भुर्दंड बसतो.

‘आम्ही दहा-बारा टनच पाठवतो, आम्हाला सूट आहे’ हा आणखी एक गैरसमज. 50 टनांची वार्षिक मर्यादा आयातदाराच्या एकूण मालावर आहे. तो चीन-तुर्कस्तानातूनही घेत असेल आणि बेरीज 50 टनांपुढे गेली, तर तुमचे दहा टनही हिशेबात आले.

कर आयातदार भरतो हे खरं. पण 2026 च्या मालावरचा कर भरण्याची प्रमाणपत्रं तो 2027 मध्ये घेणार, आणि तेव्हा ते पैसे तुमच्याकडून मागणारी डेबिट नोट येऊ शकते. भार कोणाचा, हे पीओमध्येच (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) लिहून घ्या. युरोपातल्या कारखान्यांचे कार्बन सोडण्याचे मोफत परवाने 2034 पर्यंत संपत जातील, तसतसा तो वाढणार आहे.

दिल्ली काहीतरी करेल म्हणून हातावर हात ठेवून बसणंही महागात पडेल. भारताने या कराला जाहीर विरोध केलाय, आणि माझ्या मते तो रास्त आहे. आजवर हवेत साठलेल्या कार्बनमध्ये युरोपचा वाटा मोठा आहे. पण गिऱ्हाइकाला आकडा या तिमाहीत हवाय. शिवाय मूळ देशात भरलेली कार्बनची किंमत सीबॅममधून वजा होते, म्हणजे खरा झगडा पैसा ब्रसेल्सला जावा की इथे राहावा, याचाही आहे.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांनी या कराची धास्ती घेऊ नये, द्राक्षं यादीत नाहीत. जहाजं मात्र 2024 पासून युरोपच्या कार्बन बाजारात आहेत, म्हणजे सोडलेल्या कार्बनसाठी त्यांना परवाने घ्यावे लागतात. तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घातला की इंधन जास्त जळतं, आणि कार्बनचा खर्चही वाढतो. तेव्हा कंटेनरचं भाडं ठरवताना हा अधिभार दरात धरलाय की नंतर वेगळा लावणार, हे फॉरवर्डरकडून (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटाकडून) आधीच लेखी घ्या.