काळी फ्रेम डिलीट करण्याआधी

देवयानी दीर्घिकेवर पहिल्यांदा कॅमेरा लावला, त्या रात्री मी 30-30 सेकंदांच्या 40 फ्रेम घेतल्या आणि त्यांतल्या 39 त्याच रात्री पुसून टाकल्या. लॅपटॉपवर फाइल उघडली की काळाभोर चौकोन, त्यात थोडे ठिपके आणि मधोमध एक मळकट डाग, एवढंच दिसायचं. काहीच आलं नाही असं समजून मी आवरतं घेतलं. एक फ्रेम कशी कोण जाणे, राहून गेली.

दोन दिवसांनी या छंदात माझ्या बऱ्याच पुढे असलेल्या एका मित्राने ती फ्रेम सायरिल या आकाशाच्या फोटोंसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. चित्राखाली 'लिनियर', म्हणजे आकडे जसेच्या तसे दाखवणारा पर्याय, लिहिलेलं होतं, तिथे त्याने 'ऑटोस्ट्रेच' निवडलं. काळ्या चौकोनातून लांबट तेज वर आलं, एका बाजूला एम 32 चा छोटा गोळा, दुसऱ्या बाजूला एम 110 चा पुसट ढग, या देवयानीच्या दोन छोट्या सोबती दीर्घिका. खूप दाणेदार होतं, पण होतं. आणि फाइलमधला एकही आकडा बदललेला नव्हता. उरलेल्या 39 फ्रेममध्येही हे सगळं होतं, हे तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं. नव्याने सुरुवात करणाऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे लिहितेय.

फ्रेम काळी का दिसते, ते आकड्यांत पाहिलं की पक्कं डोक्यात बसतं. सेन्सर प्रकाश सरळ हिशेबाने मोजतो, दुप्पट प्रकाश तर दुप्पट आकडा. 16 बिटच्या फाइलमध्ये आकडे 0 ते 65535 पर्यंत जातात. समजा, आकाशाची पार्श्वभूमी 1000 वर आहे आणि दीर्घिकेची फिकट भुजा तिच्यापेक्षा फक्त 30 ने वर, म्हणजे 1030 वर. साध्या स्क्रीनवर 0 ते 255 एवढ्याच पायऱ्या असतात. तिथे 1000 आणि 1030 हे दोन्ही चौथ्या पायरीवर येऊन पडतात. भुजा फाइलमध्ये नोंदलेली आहे, पण डोळ्यांपर्यंत पोचायला तिला जागाच नाही. हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत याचा आलेख, पाहिला तर डाव्या भिंतीला चिकटलेला एक सुळका आणि उजवीकडे सगळं मैदान ओसाड. आपल्याला हवं ते जवळजवळ सगळं त्या सुळक्याच्या उजव्या उतारावर असतं.

स्ट्रेच करताना, म्हणजे हा दबलेला भाग ताणून उजळ करताना, दोन गोष्टी होतात. काळ्याची सीमा उजवीकडे सरकवून सुळक्याच्या पायथ्याशी आणतात आणि मग मधला बिंदू डावीकडे ओढून अंधारातला भाग पसरवतात. वरच्या उदाहरणात काळं 900 वर धरलं आणि पार्श्वभूमी पाव उजेडावर आणली, तर स्क्रीनवर पार्श्वभूमी 64 च्या आसपास येते आणि भुजा 77 वर. जिथे एका पायरीचाही फरक नव्हता, तिथे आता 13 पायऱ्या आहेत. ऑटोस्ट्रेच हे स्वतःच ठरवतं. चित्राचा मध्यक काढायचा, नॉइज (दाणेदारपणा) किती पसरलाय ते मोजायचं, मध्यकाच्या थोडं खाली काळं धरायचं आणि पार्श्वभूमी ठरलेल्या उजेडावर आणायची. पिक्सइनसाइट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल आणि ए दाबलं की हेच होतं.

ऑटोस्ट्रेच हे फक्त दाखवणं आहे, बदलणं नाही, हे माझ्या हाताला वळायला वेळ लागला. सुरुवातीला मी स्टॅक (अनेक फ्रेमची सरासरी काढून केलेलं एक चित्र) तयार झाला की लगेच खरा, म्हणजे फाइलमधले आकडेच बदलणारा, स्ट्रेच मारून सेव्ह करायचे आणि मग त्यावर ग्रेडियंट (पार्श्वभूमीवर एका बाजूने चढत जाणारा उजेड) काढायला, रंग जुळवायला बसायचे. रंग कधीच धड जुळले नाहीत. ताऱ्यांच्या प्रकाशावरून रंग बसवायचे, तर तांबडा, हिरवा, निळा यांची खरी प्रमाणं शाबूत हवीत आणि स्ट्रेच नेमकी तीच मोडतो. त्यामुळे पार्श्वभूमी सपाट करणं आणि रंग जुळवणं ही कामं डेटा लिनियर असतानाच करायची, डोळ्यांसमोर ऑटोस्ट्रेचचा प्रिव्ह्यू चालू ठेवून. या टप्प्यावर सेव्ह केलेलं चित्र बाहेर उघडलं की पुन्हा काळं दिसेल. ते तसंच दिसायला हवं. सगळं चित्र हिरवंगार किंवा तांबूस दिसलं तर तिन्ही चॅनेल वेगवेगळे स्ट्रेच करणारा पर्याय घ्या, बघण्यापुरता रंग ताळ्यावर येतो.

आता ज्यात मी सगळ्यात जास्त फसले, ते. ऑटोस्ट्रेच प्रत्येक चित्राची पार्श्वभूमी एकाच उजेडावर आणतं. म्हणून 30 सेकंदांची एक फ्रेम आणि 3 तासांचा स्टॅक शेजारी ठेवले, तर दोन्ही सारखेच उजळ दिसतात. उजेडावरून तुलना करू नका, दाणा बघा. 100 फ्रेमच्या सरासरीत नॉइज साधारण दहाव्या हिश्शावर येतो. वरच्या उदाहरणातल्या एका फ्रेमचा नॉइज 36 धरा. 30 ची भुजा त्यात पिक्सेलमागे बुडून जाते. स्टॅकमध्ये तो 4 च्या खाली येतो आणि भुजा स्वच्छ सुटी होते.

पण याचीच दुसरी बाजू आहे. नॉइज कमी झाला की ऑटोस्ट्रेच काळ्याची सीमा आणखी जवळ आणतं आणि आणखी जोरात ओढतं. त्यामुळे जास्त मेहनतीचा, चांगला स्टॅक प्रिव्ह्यूमध्ये जास्त वाईट दिसू शकतो. कोपरे काळे, एका बाजूला उजेडाचा पट्टा, धुळीची वर्तुळं. ते दोष फ्रेममध्ये आधीपासून असतात, आता फक्त लपायला नॉइज उरलेला नसतो. फ्लॅट फ्रेमचंही (कोपऱ्यांतला अंधार आणि धुळीचे डाग काढण्यासाठी एकसारख्या उजेडावर घेतलेल्या फ्रेम) तसंच. कोपऱ्यांत थोडासा उजेड कमी असला, तरी ऑटोस्ट्रेचमध्ये बोगद्यातून बघतोय असं वाटतं. एका रात्री मी घाबरून चांगले फ्लॅट फेकले आणि पुन्हा काढले, दुसरेही तसेच निघाले. फ्लॅट नेहमी लिनियरमध्ये आकडे बघून तपासा.

फिकट गोष्ट शोधायची असेल तेव्हा मी प्रिव्ह्यू उलटा करते, पांढऱ्यावर काळं. पांढऱ्या कागदावरचा फिकट डाग डोळ्यांना चटकन सापडतो. शिवाय चित्र लहान करून बघते. शंभर टक्क्यांवर दाण्यांत हरवलेली धूसर कड पंचवीस टक्क्यांवर ठळक दिसते, कारण शेजारचे पिक्सेल एकत्र मिसळतात.

आणि सापडलं की लगेच विश्वास ठेवत नाही. सप्तर्षीतल्या एम 81 आणि एम 82 या दीर्घिकांभोवती आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचे अतिशय मंद पडदे आहेत. ते मिळाले म्हणून मी एकदा हरखून गेले होते. मग फ्रेमचे दोन गट केले, एक रात्रीच्या पहिल्या अर्ध्यातला, एक दुसऱ्या अर्ध्यातला. दोन्हींचे वेगळे स्टॅक करून दोन्हींना हाताने अगदी तोच स्ट्रेच दिला. ऑटो इथे चालत नाही, ते दोघांना वेगवेगळं ओढेल. एम 82 च्या बाजूचा एक धागा दोन्हींत ताऱ्यांच्या त्याच जागी होता. पण ज्याच्यावर मी खूश होते, तो खालचा रुंद पट्टा दुसऱ्या गटात जागा बदलून बसला होता. तो क्षितिजाकडचा उजेड होता, ग्रेडियंट. तो काढला आणि धागा ठेवला. डाग सेन्सरचा आहे की आकाशाचा, अशी शंका असेल तर कॅमेरा 90 अंश फिरवून थोड्या फ्रेम घ्या. आकाशातली गोष्ट ताऱ्यांसोबत फिरते, फ्लॅटची चूक चौकटीत जिथल्या तिथे राहते.

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावर याच्या उलट घडतं. प्रिव्ह्यू लावला की बाहेरचे पदर सुंदर उलगडतात आणि गाभा पांढराफटक होतो. तो जळाला असं समजून एक्स्पोजर कमी करण्याआधी प्रिव्ह्यू परत 'लिनियर'वर आणा आणि गाभ्यावर माउस नेऊन आकडा वाचा. 65535 ला टेकला असेल तर खरंच जळालाय, छोट्या एक्स्पोजरच्या वेगळ्या फ्रेम लागतील. माझ्या फ्रेममध्ये तिथे 41000 होते, आणि लिनियरमध्ये मधले चारही तारे सुटे दिसत होते.